एकोणचाळीस सालचा रुपया

"या वेळी घासायचा नाही, वहिनी," असं म्हणत आप्पांनी रुपया काउंटरवर ठेवला. "या वेळी तपासायला पाठवायचा."

दसऱ्यानंतरचा चौथा दिवस होता. त्या दिवसांत आमच्या भांड्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. निम्म्या बार्शीच्या समया, घंगाळी आणि तांबे पॉलिशला येऊन पडलेले असतात. प्रत्येक गठ्ठ्याला नावाची चिठ्ठी, आणि प्रत्येकाला आपलीच समई आधी हवी. मी चिंचेने बरबटलेले हात फडक्याला पुसले आणि विचारलं, कुठे पाठवायचा आणि कशाला.

आप्पांनी सदऱ्याच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. मुंबईत म्हणे एक कंपनी होती. जुनं नाणं तिच्याकडे पाठवायचं, फी भरायची. त्यांची माणसं ते पारखणार, खरं की खोटं सांगणार, खरं असलं तर किती चांगलं आहे त्याचा दर्जा ठरवणार, आणि पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करून, वर नंबर घालून परत धाडणार.

फी किती, असं मी विचारलं.

"चार हजार. येण्याजाण्याचा विमा धरून."

चार हजारांत तांब्याचा चांगला जाड हंडा येतो, असं मी म्हटलं. त्यावर आप्पा म्हणाले, "आणि भरलेला हंडा वर कोण नेणार? तुम्ही?"

रेवणसिद्ध आप्पा मेनकुदळे तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. बायको जाऊन बराच काळ लोटलेला, एकुलता एक मुलगा महांतेश हुबळीला. आप्पांचं घर अरुंद आणि उभं होतं. खाली बैठकीची एक खोली, वर स्वयंपाकघर आणि न्हाणी, मधे अकरा पायऱ्यांचा जिना. त्या उन्हाळ्यात आप्पा त्या जिन्यावरून दोनदा पडले. दुसऱ्या वेळी मनगट मोडलं, तेव्हा महांतेश येऊन स्पष्ट सांगून गेला, खालच्या खोलीत संडास-बाथरूम आणि ओटा करून घ्या, रोज येणारी बाई ठेवा. ते जमत नसेल तर संक्रांतीनंतर मी येतो, माझ्याबरोबर हुबळीला चला. मुलगा वाईट नव्हता. खर्च मी करतो एवढं मात्र तो म्हणाला नव्हता, आणि आप्पांनीही ते त्याच्या तोंडून काढून घेतलं नाही.

आप्पांना बार्शी सोडायची नव्हती. सकाळी कपाळाला भस्म लावून भगवंताच्या देवळापर्यंत फेरी, दुपारी आमच्या दुकानातली खुर्ची, संध्याकाळी वाचनालय. हुबळीत आपल्याला ओळखणारं एक कुत्रंसुद्धा नाही, असं ते म्हणायचे. आणि खरं सांगायचं तर ती दुपारची खुर्ची रिकामी व्हायला मलाही नको होती. विधवा बाईच्या दुकानात रोज येऊन बसेल, चहा स्वतःच्या पैशाने मागवेल आणि ज्याच्याबद्दल गावात कोणी काही बोलणार नाही, असा माणूस दुसरा मिळत नाही.

आप्पांकडे किंमत येईल अशी वस्तू एकच होती. हा चांदीचा रुपया. पुण्याच्या एका संग्राहकाला त्याचा पत्ता लागला होता आणि त्याने फोनवर सांगितलेल्या आकड्यात बाथरूम, ओटा आणि बाईचा दोन वर्षांचा पगार सहज बसत होता. अट एकच. रुपया कंपनीच्या डबीत पाहिजे. गावातल्या ओळखीपाळखीवर मी काही घेत नाही, असं तो म्हणाला होता.

"मी सांगते त्याला," मी म्हटलं. "इतकी वर्षं हा रुपया माझ्या हाताखालून जातोय. खरा आहे. मला फोन लावून द्या."

हे मी उगीच तोऱ्यात म्हणत नव्हते. तोवर बार्शी, वैराग, परांड्यापर्यंत जुनं नाणं कोणाला सापडलं की लोक म्हणायचे, अंदुऱ्यांच्या कुमुदवहिनींना दाखवा. सोलापूरचे सराफसुद्धा माणसं पाठवायचे. सातवी शिकलेली कासाराची बाई भिंग डोळ्याला लावून निकाल देते, याची लोकांना गंमत वाटायची. निकाल चुकत नाही हे कळल्यावर गंमत थांबली.

आप्पांनी खुर्ची ओढली. "वहिनी, मी तीस वर्षं नोकरीत काय केलं?"

"दुकानदारांना छळलंत."

"छळलं. वजनमापं खात्याचा निरीक्षक तेवढ्यासाठीच असतो. पण दुकानदार सगळे चोर होते म्हणून नाही छळलं. निम्मे तर देवमाणसं होती. पण वजन त्याचं, तराजू त्याचा, आणि बरोबर आहे म्हणणाराही तोच, असं नाही चालत. मधे एक तिसरा लागतो. ज्याला दोघांपैकी कोणाचंच काही पडलेलं नाही असा."

"म्हणजे मला तुमचं पडलेलं आहे, म्हणून माझा शब्द कमी?"

"होय," आप्पा म्हणाले.

मी रुपया उचलला, कागदात गुंडाळला आणि उद्या पाठवते म्हटलं. उचलताना त्याच्याकडे बघितलं नाही. आणि खरा आहे असं जे मी इतक्या ठामपणे म्हटलं होतं, ते खोटं होतं. रुपया खोटा होता की नाही, ते मला माहीत नव्हतं. मी तो आजवर एकदाही भिंगाखाली धरला नव्हता.

याचं कारण सांगायचं तर माझ्या यजमानांबद्दल सांगावं लागेल. लिहिताना नाव घेते, कारण नुसतं 'हे' म्हटलं तर वाचणाऱ्याला कळायचं नाही. दिगंबर. त्या दिवाळीला त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. आप्पांची आणि त्यांची ओळख झाली तीच मुळी आप्पा आमचा तराजू तपासायला आले तेव्हा. तराजू कमी भरला, आप्पांनी दंड केला, आणि मग समोरच्या हॉटेलात जाऊन स्वतःच्या पैशाने चहा घेत बसले. दिगंबर तावातावाने तिथे गेले आणि तासाभराने दोघं हसत परत आले. पुढे मैत्री राहिली, पण आप्पांनी आमच्या दुकानातला चहा फुकट कधी घेतला नाही.

मोडीत घेतलेल्या भांड्यांबरोबर जुनी नाणी येतात. दिगंबर ती निवडून ठेवायचे आणि शौकिनांना विकायचे. त्यांच्या तोंडात साखर होती आणि प्रत्येक नाण्याला त्यांच्याकडे एक गोष्ट असायची. तसा हा एकोणचाळीस सालचा रुपया त्यांनी आप्पांना दिला, आमच्या गोष्टीच्या बावीस वर्षं आधी. त्या सालचे रुपये लोकांच्या हातात फार थोडे राहिलेत, म्हणून शौकीन त्याच्या मागे असतात. म्हणूनच खोटे पुष्कळ. खोटा करायची सोपी रीत अशी, की अडतीस सालचा साधा रुपया घ्यायचा आणि त्यावरच्या सालातल्या इंग्रजी आठाचा खालचा डावा बाक बारीक कानशीने घासून उडवायचा. झाला नऊ. चांदी खरी, वजन खरं, आवाज खरा. तीळभर जागा तेवढी खोटी.

दिगंबर गेल्यावर चौदाव्या दिवशी मी त्यांचा ड्रॉवर उघडला. तंबाखूच्या डबीत अडतीस सालचे तीन रुपये होते आणि सोनारकामाची एक बारीक कानस. दोन रुपयांवरचा आठ अर्धवट घासलेला होता. तिसऱ्यावरचा अजून आठच होता.

ती डबी मी कोणाला दाखवली नाही. रुपये आटणीत टाकले, कानस नदीला दिली. मग सोलापूरहून भिंग आणलं, वाचनालयातून नाण्यांची पुस्तकं आणली, शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. लोक म्हणतात, वहिनींना नाण्यांचा नाद. नाद कसला. आमच्या दुकानातून काय काय बाहेर गेलं होतं ते मला कळायला हवं होतं. दिगंबरनी विकलेले दोन रुपये पुढच्या वर्षांत माझ्यासमोर आले, दोन्ही खोटे निघाले, आणि गिऱ्हाईक आहे असं सांगून मी ते परत विकत घेतले.

आप्पांचा रुपया तेवढा मी बघितला नाही. दिगंबर गेल्याच्या दुसऱ्या वर्षापासून आप्पा तो दर दिवाळीआधी लक्ष्मीपूजनासाठी घासायला आणू लागले. मला वाटलं, बिचाऱ्यांना यायला निमित्त. मी त्यावर पांढरं दंतमंजन टाकायची, अंगठ्याने खसाखसा घासायची, धुवायची, पुसायची आणि देऊन टाकायची. नजर शेजारच्या समईवर असायची. खोटा निघाला तर आप्पांना काय सांगायचं, हे मला ठाऊक नव्हतं, आणि न बघितलेला रुपया खोटा निघत नाही.

तर त्या दिवशी उद्या पाठवते म्हणून ठेवलेलं पाकीट मी तीन दिवस ड्रॉवरमध्येच ठेवलं. आप्पांना सांगितलं, गेलं. मनात एवढंच, की काहीतरी सुचेल. हरवलं म्हणून सांगता येईल, पुण्याचा माणूस बदलेल, काहीही.

चौथ्या दिवशी त्यांच्याकडे पॉलिश केलेला तांब्या पोचवायला गेले. आप्पा खालच्या खोलीत गवंड्याबरोबर उभे होते. त्यांनी फरशीवर खडूने रेघा मारल्या होत्या. इथे भिंत, इथे दार, इथे कमोड, इथे धरायची दांडी. निरीक्षकाचा हात, रेघा अगदी सरळ. गवंडी म्हणत होता, दार बाहेर उघडू दे. आप्पा त्या खडूच्या खोलीत पाऊल टाकून उभे राहिले, दांडी धरल्यासारखा हात केला आणि मला म्हणाले, "या ना आत."

मी तिथूनच उलट्या पावली दुकानात आले, ड्रॉवर उघडला आणि पाकीट कुरिअरवाल्याकडे दिलं.

उत्तर यायला दोन महिने लागतील असं कळलं. त्या लक्ष्मीपूजनाला आप्पांनी पाटावर रुपयाच्या जागी कुरिअरची पावती ठेवली आणि तिला हळदकुंकू वाहिलं. ते दाखवायला मला मुद्दाम बोलावून नेलं. मी हसले. त्या दोन महिन्यांत मी बरंच हसले. आप्पा दुपारी येऊन बसायचे, आज टाइल्स बघून आलो म्हणायचे, पांढऱ्या की निळ्या विचारायचे. मी पांढऱ्या म्हणायची आणि मनात म्हणायची, दिगंबर, काय करून ठेवलंत.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी डबी आली. पाठवणारी मी, म्हणून पत्ता दुकानाचा होता. दुकान नुकतंच उघडलं होतं, झाडलोट व्हायची होती. मी पाकीट कापलं. प्लॅस्टिकच्या डबीत रुपया, वर पट्टी, पट्टीवर छापलेली ओळ. एक रुपया, १९३९. अस्सल.

मी तो शब्द उभ्याने वाचला, मग बसून वाचला. भिंतीवर दिगंबरचा फोटो आहे, त्याच्याकडे बघायची काही हिंमत झाली नाही, पण मला हसू फुटलं आणि मग डोळ्यांतून पाणी आलं. इतरांना काय विकलं ते विकलं. आप्पांना त्यांनी खरा दिला होता.

मग पट्टीवरची दुसरी ओळ वाचली. साफ केलेला, म्हणून दर्जा दिलेला नाही. सोबतच्या चिठ्ठीत समजावून लिहिलं होतं, नाण्याच्या पृष्ठभागावर घासल्याच्या बारीक रेघा आहेत, मूळची झळाळी उरलेली नाही.

आमच्या दुकानात, आप्पांच्या खुर्चीच्या बरोबर वर, एक पाटी आहे. माझ्या हाताने रंगवलेली. 'जुनी नाणी घासून आणू नयेत. किंमत जाते.' येणाऱ्या प्रत्येकाला मी ती बोट दाखवून वाचायला लावत असे. घरात लक्ष्मी म्हणून पुजलेली नाणी लोक राखेने, चिंचेने, दंतमंजनाने घासून घासून आणायचे आणि मी त्यांना बोलायची. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती. पहिल्या वर्षी कदाचित नसेल. पुढची सात वर्षं पुरतं माहीत होतं.

खरं नाणं कसं धरावं, कडेने दोन बोटांत धरावं, ते मी लोकांना शिकवायची. आणि आप्पांचा रुपया अंगठ्याखाली रगडायची. कारण खोट्याला घासून काय बिघडतं. हे मी कधी शब्दांत म्हटलं नव्हतं, पण हात तेच म्हणत होते. मी रुपया न बघता सोडला होता, निकाल मात्र पहिल्याच दिवशी देऊन टाकला होता.

दुकान तसंच उघडं टाकून मी आप्पांकडे गेले.

ते खालच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. खडूच्या रेघा पायांनी पुसट झाल्या होत्या, पण त्यांवरून चालायचं ते टाळत असत, असं दिसत होतं. मी डबी हातात दिली. त्यांनी चष्मा बदलला, डबी खिडकीकडे धरली आणि मोठ्याने वाचलं, "अस्सल." मग पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा नुसते ओठ हलले.

"पुढचं वाचा, आप्पा."

"वाचलं."

मग मी सगळं सांगितलं. ड्रॉवर, तंबाखूची डबी, कानस, दोन परत घेतलेले रुपये. मी बघितला नव्हता, खरा आहे म्हणाले ते खोटं, आणि घासला तो खोटा समजून. तुमचं बाथरूम मी घासून टाकलं, असंही म्हटलं. आप्पांनी मधे एकदाही काही विचारलं नाही. असू दे, चालायचंच, असलं काही ते म्हणाले नाहीत, आणि त्याबद्दल मी आजही त्यांची आभारी आहे.

मग म्हणाले, "ती पाटी दुकानात किती वर्षं आहे?"

"सात."

"रोज दुपारी मी तिच्याखाली बसतो. मला वाचता येत नाही असं वाटलं तुम्हाला?"

मला काही कळेना. "मग घासायला का आणत होतात?"

"दिगंबर होता तोवर आणत नव्हतो. तो हात लावू द्यायचा नाही. म्हणायचा, आप्पा, काळा पडला तर काळाच ठेवा. तो गेल्यावर बाजारात कुजबुज ऐकली. तुम्ही कोणाचे तरी रुपये परत घेतलेत, हेही ऐकलं. तुम्हाला विचारायचं म्हटलं तर, नवरा गेलेल्या बाईला कसं विचारायचं, तुमचा नवरा मला फसवून गेला का? म्हटलं, रुपया हातात देऊ. एवढी पारखी बाई, हातात आल्यावर बघितल्याशिवाय राहणार नाही. मग काय ते तोंडावर दिसेल. तुम्ही मान फिरवून घासलात. दुसऱ्या वर्षीही मान फिरवली. मी काय समजायचं ते समजलो."

"आणि तरी दरवर्षी आणत राहिलात?"

"एखाद्या वर्षी बघाल, असं वाटायचं."

वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. आप्पा उठले नाहीत, मीच जिना चढून गॅस बंद करून आले. खाली आले तेव्हा ते डबी गुडघ्यावर ठेवून बसले होते.

"बाथरूमसाठी पाठवला हे खरंच आहे," ते म्हणाले. "झालं असतं तर मला हवंच होतं. पण नुसत्या त्यासाठी चार हजार घातले नसते. पुणेवाल्याने निमित्त दिलं. म्हटलं, आता जायचीच वेळ आली तर हे कळून तरी जावं." मग ते थोडे हसले. "वहिनी, तुम्ही खोटा म्हणून घासलात, मी खोटा म्हणून घासू दिला. खरा आहे म्हणणारा एकटा दिगंबर."

पुण्याच्या माणसाला त्यांनी स्वतःच फोन केला. साफ केलेला म्हटल्यावर तो चौथाईवर आला, तेही उपकार केल्यासारखं. आप्पांनी नाही म्हणून सांगितलं. मी म्हटलं, बाथरूम मी करून देते, नुकसान माझ्या हाताने झालंय. त्यावर ते पहिल्यांदा चिडले. पारड्याखाली चिंच चिकटवून तराजू सारखा करणारे लोक मी आयुष्यभर पकडले, आता स्वतःच तसा उभा राहू का, असं म्हणाले. मी तीन-चारदा विषय काढला. चौथ्यांदा त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

आजही लोक मला विचारतात, नाणं कंपनीकडे पाठवावं का, पैसे वसूल होतात का. मी सांगते, विकायचं असेल आणि नाण्याची किंमत फीपेक्षा पुष्कळ जास्त असेल तर पाठवा, साधं नाणं असेल तर उगीच खर्च करू नका. मग विचारते, तुम्हाला दिलं कोणी. घरातल्या किंवा जिवाभावाच्या माणसाने दिलेलं असेल आणि मनात थोडीशी जरी शंका असेल, तर किंमत न बघता पाठवा, आणि आजच पाठवा. लोकांना वाटतं, वहिनी आता थकल्या.

संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी महांतेश गाडी घेऊन आला. सामान फार नव्हतं. दोन ट्रंका, एक गादी, पुस्तकांचं खोकं. गाडी आमच्या दुकानासमोर थांबली आणि आप्पा काठी टेकत एकटेच आत आले. महांतेशने गाडीतूनच मला नमस्कार केला. आप्पा नेहमीच्या खुर्चीत बसले, समोरच्या हॉटेलाकडे बोट दाखवून दोन चहा सांगितले आणि खिशातून ती डबी काढून काउंटरवर ठेवली.

"आता तरी बघा," ते म्हणाले.

मी भिंग घेतलं, डबी दिव्याखाली धरली. कोपर काउंटरवर टेकलं. पहिल्यांदा राजाचा चेहरा बघितला, मग उलटा करून साल. नऊची शेपटी एका ओघात खाली आली होती. डावीकडची जागा सपाट, गुळगुळीत, तिथे कधी काही नव्हतंच. कानशीची एक खूण नाही.

"नऊ आहे, आप्पा," मी म्हटलं. "मुळातला नऊ आहे."

"आणि?"

"आणि सगळीकडे रेघा आहेत."

"त्याही सांगा."

चहा आला. महांतेशने बाहेर एकदा हॉर्न वाजवला, मग थोड्या वेळाने पुन्हा वाजवला. मी भिंगातून बघत सांगत गेले, राजाच्या गालावरून मुकुटाकडे जाणाऱ्या, कपाळावर दाट असलेल्या, कडेला विरळ होत गेलेल्या, सगळ्या एकाच दिशेने वळणाऱ्या, माझ्या अंगठ्याच्या रुंदीएवढ्या पट्ट्यांत पडलेल्या. आप्पा बशीत चहा ओतून ऐकत होते. माझं सांगून पुरं होईपर्यंत ते खुर्चीतून उठले नाहीत.